पिशवीतला उंबर

१

रंगनाथला झाडांचं वेड आहे, हे भिंगारच्या वेशीपासून लष्कराच्या छावणीच्या फाटकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तो छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेबाला वीतभर उंचीच्या म्हाताऱ्या झाडांचा नाद. शंभर वर्षांचं दिसणारं झाड ताटलीत बसवायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं, यात त्याला कसलं सुख होतं ते त्याचं त्याला माहीत. पण साहेबाचा नाद माळ्याला लागला आणि बघता बघता माळ्याच्या घराच्या माळवदावर चढून बसला.

रोज सकाळी रंगनाथ दगडी जिना चढून वर जायचा. बायकोनं, रतनबाईनं, भांडी विसळून ठेवलेलं पाणी तो लोटीलोटीनं झाडांना घालायचा. साल बहात्तर. पावसानं पाठ फिरवलेली, माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवरचा मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, खाऊन पोट धरून बसत होती. अशात झाडांना पाणी घालणाऱ्याला लोक नावं ठेवणारच. रतनबाई ठेवत नसे. वीस वर्षांच्या संसारात मूल झालं नव्हतं, आणि रंगनाथ झाडांना लेकरं म्हणायचा. त्यावर ती काय बोलणार?

साहेबानं त्याला नवी युक्ती सांगितली होती. कुंडीतलं मूळ भिंतीला धडकलं की गोल गोल फिरतं आणि स्वतःलाच आवळून घेतं. तेच झाड कापडाच्या पिशवीत लावलं तर मूळ कापडातून बाहेर डोकावतं. वारा लागला की टोक वाळतं, आणि मागं त्याला चार बारीक फुटवे येतात. चार-सहा महिन्यांत पिशवीभर मुळांचा दाट गड्डा होतो, झाड मात्र आहे तेवढंच राहतं. मग ते उथळ ताटलीतही सुखानं नांदतं.

रंगनाथनं आधी गोणपाट वापरून पाहिलं. माती गळून गेली. कापड जाड हवं होतं, दुहेरी, टाके घातलेलं.

रतनबाई जेठात चार दिवस खर्ड्याला भाच्याच्या बारशाला गेली होती. परत आली, हातपाय धुतले, आणि वळकटी उलगडून बघते तर गोधडी निम्मी.

"माझी गोधडी कुठाय?"

"हाय की. अर्धी ठिवलीय तुला. कड बी दुमडून शिवलीय," रंगनाथ म्हणाला.

"आन अर्धी?"

त्यानं बोटानं वर, माळवदाकडं दाखवलं.

ती गोधडी तिच्या आईनं, आक्काबाईनं, लग्नात दिलेली. आक्काबाईनं लेकीचं टोपडं, झबली, परकर, पहिलं लुगडं, सगळं जपून ठेवलं होतं आणि एकावर एक अंथरून धावदोरा घातला होता. शेवटचा टाका घालण्याआधी कोपऱ्यात पुरणपोळीचा घास शिवला होता. त्यांच्याकडं तशी रीतच. गोधडी उपाशी ठेवायची नाही.

"कोपऱ्यातला घास?" रतनबाईनं विचारलं.

"त्यो कडक तुकडा व्हय? उंदीर लागला असता. दिला टाकून."

रतनबाईचा जीव चरकला. पण कापडापायी नवऱ्याशी भांडावं असं ते साल नव्हतं. ती वर जाऊन बघून आली. कठड्याच्या कडेनं सात पिशव्या एका रांगेत बसल्या होत्या. मधल्या पिशवीत उंबर होता, रंगनाथचा सगळ्यात लाडका. त्या पिशवीवर तिचा सात वर्षांची असतानाचा परकर होता, पिवळ्या फुलांचा. ती थोडा वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि मग भाकरी थापायला खाली आली.

२

आषाढात तिच्या पायातली जोडवी गळून पडली.

विहिरीवरून येताना दगडावर खणकन् वाजलं म्हणून तिनं मागं पाहिलं. डाव्या पायाचं जोडवं मातीत पडलं होतं. घरी आल्यावर उजव्या पायाचंही निघालं, नुसतं बोट हलवल्यावर. तिनं दोऱ्याचे वेढे घालून दोन्ही परत चढवली. मिलो खाऊन कुणाचं अंग राहिलंय? शेजारपाजारच्या बायकांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आपली जोडवी सरकली, एवढंच.

मग फळीचं झालं.

स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक फळी होती. तिच्यावर मिठाची बरणी. वीस वर्षं ती वर न बघता हात उंच करायची आणि बरणी हातात यायची. त्या दिवशी हात वर केला तर बोटं फळीच्या खालच्या कडेला लागली. तिनं टाचा उचलल्या. बरणीच्या बुडाला नखं लागली, बरणी काही हातात आली नाही.

फळी रंगनाथनं वर सरकवली असेल. तिनं पाट ओढला, त्यावर चढली आणि फळीचे खिळे पाहिले. खिळे गंजून लाकडात मुरले होते. भिंतीवर धुराचा काळा पट्टा फळीला चिकटून होता, तसाच, कुठं तुटलेला नाही. फळी हललेली नव्हती.

तिला भीती वाटली. भर दुपारी, चूल पेटलेली, बाहेर कोंबड्या ओरडतायत, आणि ती आपल्याच स्वयंपाकघरात पाटावर उभी राहून घाबरली. मग स्वतःवरच चिडली. "पाठीत वाक आला असंल," ती मोठ्यानं म्हणाली आणि उतरली. पाटावरून जमीन जरा लांब वाटली.

दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी चुलीजवळ खाली ठेवलेली होती. तिनं तर ती खाली घेतली नव्हती. रंगनाथ जेवायला बसला, भाजी चाखली, बरणीतलं मीठ चिमटीनं घेतलं आणि जेवत राहिला.

३

गुरुवारी रंगनाथला सुट्टी असायची. त्या दिवशी तो छाटणी करायचा. बारीक टोकं वाऱ्यानंच वाळत, पण एखादं दांडगं मूळ कापड फाडून बाहेर आलं की तो ते कात्रीनं उडवायचा. माळवदाखालीच स्वयंपाकघर. कात्रीचा आवाज धाब्याच्या मातीतून खाली झिरपायचा. कच्. मग थोडी शांतता. मग पुन्हा कच्.

श्रावणातल्या एका गुरुवारी रतनबाई मिलो पाखडत बसली होती. वर कच् झालं आणि तिच्या तळपायाला गार लागलं. दुखलं नाही. ओल्या पायाला वारा लागावा तसं. तिनं पाय पोटाशी घेतले. पुन्हा कच्. पुन्हा गार.

रतनबाई अडाणी होती, पण बावळट नव्हती. आवाज ऐकला की मन खेळ करतं, हे तिला कळत होतं. म्हणून पुढच्या गुरुवारी रंगनाथ जिना चढायला लागला तशी ती घराबाहेर पडली आणि गल्लीच्या टोकाला मुबारकबीकडं जाऊन बसली. मुबारकबी साठीची विधवा. अख्ख्या भिंगारच्या गोधड्या तीच शिवायची. तिच्या अंगणात कात्रीचा आवाज येणं शक्यच नव्हतं.

रतनबाई तिला सुया ओवून देत बसली आणि बोलता बोलता मनात मोजत राहिली. उन्हात बसली होती, तरी तळपाय गार पडायचे. एक. दोन. मध्ये बराच वेळ काहीच नाही. मग लागोपाठ तीन. एकूण नऊ.

घरी आली तर रंगनाथ हात धूत होता.

"आज किती कापली वो?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"उंबराची व्हय? नऊ. लई जोर करतोय गडी."

ती आत गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिला ओरडावंसं वाटत होतं. ओरडून सांगायचं काय, हे तिला सुचेना. दिवाळी अजून दोन महिने लांब होती. दर गुरुवारी नऊ धरले तर दिवाळीपर्यंत आपलं काय शिल्लक राहील, असा विचार तिच्या मनात आला, आणि एकदा आला तो गेलाच नाही.

४

मुबारकबीच्या नजरेतून कापड सुटत नसे. भादव्यात एकदा रतनबाई दारात उभी राहिली तशी तिनं सुई खाली ठेवली.

"रतन, लुगडं नवं हाय का?"

"न्हाई. मागल्या संक्रातीचं."

"मग एवढं लोळतंय कशापायी? निऱ्या किती घातल्यास?"

रतनबाईनं सांगितलं. दरवेळेपेक्षा चार जास्त. मुबारकबी उठली, तिनं रतनबाईला आपल्यासमोर उभं केलं. पूर्वी दोघींचे खांदे बरोबरीनं लागायचे. आता मुबारकबीला तिच्या डोक्यावरचा भांग वरून दिसत होता. म्हातारीचा हात हळूच रतनबाईच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला.

रतनबाईनं सगळं सांगून टाकलं. गोधडी, घास, पिशव्या, कात्री. सांगता सांगता तिला वाटत होतं की आता ही हसेल, वेडी म्हणेल, आणि तसं झालं तर किती बरं होईल. मुबारकबी हसली नाही.

"राहिलेली अर्धी कुठं हाय?"

"रोज पांघरते की. दुसरं काय हाय घरात?"

"आजपास्नं पांघरू नको. माझी ने."

"आन वरच्या पिशव्या?"

मुबारकबीनं खाली ठेवलेली सुई उचलली. मग म्हणाली, "मी नुसती शिवते, बाई. फाडलेल्याचं काय करायचं ते मला न्हाई ठावं. पर झाड जिमिनीत गेलं की त्याला कोन कापत न्हाई. एवढं कळतं मला."

रतनबाईनं त्या दिवसापासून मुबारकबीची गोधडी पांघरली. जोडवी तरी सैल होतच राहिली. शेवटी तिनं ती काढून डब्यात ठेवली. बाहेर जाणंही तिनं कमी केलं. पाणी रंगनाथच आणू लागला, न सांगता. तिला हंडा उचलवत नाही हे त्याला कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही.

५

दसरा झाला. एका संध्याकाळी दिवेलागणीला रंगनाथ बंगल्यावरून आला तो हसतच. दिवाळीनंतर पुण्यात झाडांचं प्रदर्शन होतं आणि साहेबानं सांगितलं होतं, या साली तुझाच उंबर न्यायचा.

"उद्या गुरुवार. उद्या ताटलीत बसवतो त्याला," तो म्हणाला. "आजवर नुसती टोकं मारली. उद्या सोटमूळ घेतो. एकदा सोटमूळ गेलं की झाड वाढायचं नावच काढत न्हाई. हाय तसं ऱ्हातं, जन्मभर."

रतनबाईनं हातातला तवा खाली ठेवला.

"नका कापू," ती म्हणाली.

"आँ?"

"तुमाला दिसत न्हाई का मी कशी झालेय ती? चढ म्हनलं तर ह्या खाटंवर चढवत न्हाई मला. तुमी त्याला कापता आन मी कमी होते. तुमच्या पाया पडते, पन सोटमूळ नका घेऊ. जिमिनीत लावा त्याला."

रंगनाथ तिच्याजवळ आला. चिडला नाही. तो तिच्यावर कधीच चिडत नसे, मारणं तर लांबच. त्यानं तिला दोन्ही काखांत हात घालून उचललं आणि खाटेवर बसवलं. उचलताना त्याला जरासुद्धा जोर लागला नाही. तिचे पाय खाटेखाली लोंबकळत राहिले.

"दुष्काळ हाय, रतन. समदीच वाळलीत," तो म्हणाला. आणि मग तिच्याकडं बघतच राहिला. मान जरा तिरकी करून, एक डोळा बारीक करून. ही नजर तिनं पूर्वी पाहिली होती, पण स्वतःवर रोखलेली कधी पाहिली नव्हती. तो झाडांकडं असा बघायचा. "पर तुला सांगू? अशी लई ग्वाड दिसतीस."

ती रात्रभर जागी राहिली आणि उजाडण्याची वाट बघत राहिली. शेजारी रंगनाथ शांत झोपला होता.

६

सकाळी तो कुंभाराकडं ताटली आणायला गेला. पेठेतही काम आहे म्हणाला, म्हणजे दुपार होणार. तो गल्लीच्या वळणाला दिसेनासा झाला तशी रतनबाईनं खुरपं घेतलं आणि जिन्याकडं निघाली.

जिन्याला अकरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तिला हात टेकून, गुडघा वर घेऊन चढावं लागलं. वर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. माळवदाचा कठडा तिच्या कमरेला लागायचा, त्यावर ती पापड वाळत घालायची. आता तो हनुवटीला लागत होता.

बेत साधा होता. उंबर उचलायचा, खाली न्यायचा, ओढ्याच्या काठच्या ओलीत लावून टाकायचा. रंगनाथ रडेल, रडू दे. तिनं पिशवीला मिठी घातली आणि ओढलं. पिशवी हलली नाही. भिजलेली माती तिला पेलणारी नव्हती. मग माती काढून नुसतं झाड न्यावं म्हणून तिनं खुरप्याच्या टोकानं पिशवीची शिवण उसवायला घेतली. सुतळी तुटली, पण कापड काही सुटेना. तिनं वाकून पाहिलं. मुळं कापडाच्या आतबाहेर गेली होती. आक्काबाईनं जिथं जिथं धावदोरा घातला होता तिथं तिथं दोऱ्याच्या जागी मूळ होतं, टाक्याला टाका, ओळीला ओळ.

तिनं दोन्ही हातांनी कापड खेचलं. पिवळ्या फुलांचा तुकडा टर्रकन फाटला, पिशवी आडवी झाली आणि माती भसाभसा बाहेर आली. झाडाचं बूड उघडं पडलं.

खाली दोन तळवे होते.

पांढऱ्या मुळांचेच, एकमेकांत गच्च विणलेले. पण तळवेच. शेजारी शेजारी, बोटांसकट. टाचांना भेगा होत्या. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी विहिरीच्या दगडानं पडलेली जुनी खोक होती. रतनबाईनं बोट पुढं केलं आणि त्या खोकीला लावलं. बोटाचा स्पर्श तिला स्वतःच्या पायाला जाणवला.

तिनं खाली स्वतःच्या पायांकडं पाहिलं. ते गुळगुळीत होते. ना भेग, ना खोक, कधी जमिनीवर टेकलेच नाहीत असे.

खालून हाक आली. "रतन! ए रतन, कुठं हायेस गं?"

मुबारकबी अंगणात उभी होती. रतनबाई कठड्याशी धावली, टाचा उंच केल्या, हात वर केला. खालून नुसती बोटं दिसली असतील, नसतील. "मी हितं हाय!" ती ओरडली. आवाज बारीक निघाला, माळवदावरच्या चिमण्यांत मिसळून गेला.

"घरात न्हाईसं दिसतंय," मुबारकबी स्वतःशीच म्हणाली आणि तिची पावलं लांब गेली.

रतनबाई परत फिरली. माती गळून झाड आता हलकं झालं होतं. तिनं ते छातीशी धरून उचललं. मुळांना तिच्या बाहीचा स्पर्श झाला आणि तिच्याच तळपायांना गुदगुल्या झाल्यासारखं झालं. ती जिन्याच्या तोंडाशी आली तेव्हा खालून रंगनाथ वर येत होता. त्याच्या काखेत मातीची ताटली होती आणि हातात कागदाचं पुडकं.

दुपार व्हायची होती. तो लवकर आला होता.

त्यानं फाटलेली पिशवी पाहिली, सांडलेली माती पाहिली, तिच्या कवेतलं झाड पाहिलं. मुळांकडं पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडावर काहीच बदललं नाही, आणि तिथंच रतनबाईला कळलं.

"तुमास्नी ठावं हुतं," ती म्हणाली.

"दे हिकडं. मुळांना ऊन लागतंय."

त्यानं तिच्या हातातून झाड काढून घेतलं. लेकराच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसं, हळू, समजुतीनं. तळव्यांवर ओलं फडकं टाकलं, ताटलीशेजारी ठेवलं आणि पुडकं तिच्या पुढ्यात केलं.

"उघड की. तुलाच आणलंय."

तिनं दोरा सोडला. आत चामड्याच्या वहाणा होत्या, कोऱ्या करकरीत, वर लाल गोंडा. तीन वर्षांच्या लेकराच्या मापाच्या. वीस वर्षांत त्यानं तिला वहाणा कधी घेतल्या नव्हत्या. क्षणभर तिला वाटलं, कुणाच्या तरी पोरीला आणल्या असतील, हा चुकून म्हणाला असेल, आणि तेवढ्या क्षणात तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

रंगनाथ खाली बसला. तिचा पाय हातात घेतला, तो त्याच्या पंजात मावला. त्यावर वहाण लावून पाहिली. टाच दोन बोटं बाहेर राहिली. त्यानं अंगठ्यानं ती दोन बोटं मोजली, फडकं उचलून तिकडं एकदा नजर टाकली आणि समाधानानं मान हलवली.

"आत्ता न्हाई व्हायच्या," तो म्हणाला आणि सोटमुळासाठी आणून ठेवलेली करवत जवळ ओढली. "सांजच्याला घालून बघ."